ज्याला सगळं दिसतं, त्याचं काय करायचं? एका छोट्या प्रश्नाचा इतिहास



रिसर्च प्रपोजल लिहिताना आपण अडतो ते बहुतेक वेळा विषयावर नाही, प्रश्नावर. 'टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम्सचा इतिहास' हा झाला विषय. त्यातून प्रश्न कसा काढायचा? आज एक अगदी छोटा प्रश्न घेऊन बघू: खेळातल्या एखाद्या पात्राची नजर इतकी तीक्ष्ण असेल की त्याच्यापासून काही लपतच नाही, तर खेळ चालवणाऱ्याने काय करायचं?

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं. एक जण, म्हणजे रेफरी किंवा डंजन मास्टर, त्या काल्पनिक जगाचा कारभार बघतो. दाराआड काय आहे हे फक्त त्याला माहीत असतं. बाकीच्यांना तो सांगेल तेवढंच कळतं. या माहितीच्या फरकावरच खेळ उभा आहे.

हा फरक काही फँटसीवाल्यांनी शोधलेला नाही. १८२४ साली प्रशियन अधिकारी राइसविट्झ यांनी लष्करी प्रशिक्षणासाठी 'क्रीगश्पील' मांडला, त्यातही पंच होता. शत्रूच्या ज्या तुकड्या दिसू शकतील तेवढ्याच तो नकाशावर ठेवायचा. 'तुला काय दिसतंय' हे ठरवण्याचा अधिकार तिसऱ्या माणसाकडे, ही कल्पना तेव्हापासूनची.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला. त्यात गुप्त दार शोधायचं तर सहा बाजूंचा फासा टाकायचा. माणूस, ड्वार्फ किंवा हॉबिट असेल तर १ किंवा २ पडायला हवा. एल्फ असेल तर १ ते ४. इथवर ठीक. पण पुढे आणखी एक सवलत आहे: एल्फ नुसता गुप्त दारावरून गेला, तरी रेफरीच्या मर्जीने त्याला १ किंवा २ वर 'इथे काहीतरी आहे' एवढं जाणवू शकतं. म्हणजे खेळाडू 'मी शोधतो' असं म्हणालाही नाही, तरी पात्राला कळलं! आपल्या प्रश्नाचं बीज इथे आहे.

पुढचा प्रवास भराभर. १९७५ च्या 'ग्रेहॉक' पुरवणीत थीफ आला आणि छोटे सापळे निकामी करणं हे टक्केवारीत मोजलं जाणारं कौशल्य झालं. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत बघणं, ऐकणं आणि शोधणं ही तीन वेगळी कौशल्यं झाली. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत ती 'परसेप्शन' या एकाच नावाखाली आली, आणि सोबत 'पॅसिव्ह परसेप्शन' आलं: फासा टाकायचाच नाही, १० मध्ये पात्राचा बोनस मिळवायचा, तेवढं त्याला आपोआप दिसतं.

आता २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचा हिशोब स्वतः करून बघा. पहिल्याच पातळीवरचं एक मानवी पात्र घ्या. मूळ १०, विस्डमचे ३, प्रावीण्याचे २ आणि 'ऑब्झर्व्हंट' या खास गुणाचे ५. झाले २०. त्याच पुस्तकात काठिण्याचा आकडा १५ म्हणजे मध्यम आणि २० म्हणजे कठीण. म्हणजे नवशिकं पात्र कठीण गोष्टीसुद्धा फासा न टाकता हेरतं. अंधुक उजेडात ५ वजा होतात, तरी १५ उरतातच.

इथे खरी गोची होते. पूर्वी फासा मध्ये होता. दिसलं-न दिसलं हे नशिबावर जायचं. आता दोन ठरलेले आकडे समोरासमोर आहेत. सापळ्याचा आकडा १५ लिहिला तर तो दिसणारच, २१ लिहिला तर दिसणार नाहीच. आणि लिहिणाऱ्याला खेळाडूचा आकडा आधीच माहीत आहे. म्हणजे सापळा लिहितानाच निकाल लागला. वैतागून त्याने सगळे आकडे वाढवले, तर खेळाडूने दुसरं काहीतरी सोडून घेतलेली ती तीक्ष्ण नजर फुकट गेली. खेळाडूला हे कळतं, आणि टेबलावरचा विश्वास जातो.

याची उलट बाजूही बघायला हवी. १९८१ च्या 'कॉल ऑफ कथुलू'मध्ये लपलेलं दिसण्यासाठी टक्केवारीचा फासा आहे. तिथे भीती वेगळी: फासा फसला, धागा सापडला नाही, की अख्खी रहस्यकथा जागच्या जागी अडते. यावर रॉबिन लॉज यांनी २००७ साली 'गमशू' पद्धत आणली. योग्य कौशल्य असलेलं पात्र योग्य जागी शोधत असेल तर मुख्य धागा मिळणारच, फासा नाही. रहस्याची गंमत धागा सापडण्यात नाही, त्याचा अर्थ लावण्यात आहे, ही त्यामागची भूमिका.

एकीकडे फार दिसतं ही तक्रार, दुसरीकडे दिसत नाही ही. पण दोन्हींचं मूळ एकच आहे, असं माझं म्हणणं: 'सापडणं' हाच शेवट धरला की दोन्हीकडे घोटाळा होतो. तीक्ष्ण नजरेच्या पात्राला 'इथे सापळा आहे' असं सांगितलं तर खेळ संपला. 'बाकी सगळ्या फरश्यांच्या सांध्यांत धूळ आहे, या दोन फरश्यांमध्ये नाही' असं सांगितलं तर नजरेचा मान राहिला आणि खेळ सुरू झाला. आता पाय ठेवायचा, की दोरी बांधायची, की मागे फिरायचं? दिसणं पात्राचं, ठरवणं खेळाडूचं.

आता यातून पद्धतीबद्दल तीन गोष्टी घ्या.

एक, नाव आणि प्रथा यांची जन्मतारीख एक धरू नका. 'पॅसिव्ह परसेप्शन' हे नाव २००८ चं, पण न मागता जाणवण्याची कल्पना १९७४ च्या एल्फमध्ये आहे. मात्र तो एल्फ म्हणजे पॅसिव्ह परसेप्शनच, असंही म्हणू नका. तिथे फासा होता आणि रेफरीची मर्जी होती.

दोन, नियमपुस्तक 'कसं खेळावं' ते सांगतं, 'कसं खेळले' ते नाही. त्यासाठी खेळाडूंचं स्वतःचं लिखाण हवं. ली गोल्ड यांनी १९७५ साली सुरू केलेलं 'अलारम्स अँड एक्स्कर्शन्स' किंवा १९७६ पासूनचं 'द ड्रॅगन' मासिक अशा साधनांकडे त्यासाठी वळावं लागतं.

तीन, आकडे दिसले की बेरीज स्वतः करा. वरचा २० चा हिशोब दोन मिनिटांचा आहे, पण तो केल्याशिवाय खेळ चालवणारे नक्की कशामुळे हैराण होतात ते कळत नाही.

तुमच्या विषयातही असा एखादा नियम असेल, जो दर आवृत्तीत थोडा बदलत गेला. तो शोधा आणि प्रत्येक बदलाला विचारा: आधीच्या नियमाने कुणाची अडचण केली होती? प्रपोजलचा पहिला परिच्छेद तिथूनच सुरू होतो.