दगडाचे मोल

स्कॉटलंडच्या ग्रामीण भागातले एखादे जुने दगडी घर विक्रीला निघाले की जाहिरातीत आधी भिंतींचे वर्णन येते. त्या किती जाड आहेत, कोणत्या शतकातल्या आहेत, चूल मूळचीच आहे की नंतरची, हे सारे आवर्जून सांगितलेले असते. किंमतही बहुधा 'अमुक पौंडांच्या वर' अशी मोघम मागतात आणि चढाओढ ग्राहकांवर सोपवतात. आपल्याकडे गावठाणातले दगडी घर विकायचे झाले तर एक ओळ पुरते : 'जागा विकणे आहे, वर जुने बांधकाम.' इथे विकली जाते ती जमीन. घर म्हणजे तिच्यावरचा अडथळा. तो पाडण्याचा खर्च कोणी सोसायचा, एवढीच काय ती घासाघीस होते. शंभर-दीडशे वर्षे उभ्या असलेल्या भिंतीचे मोल आपल्या व्यवहारात शून्य कसे झाले, हा प्रश्न इतिहासाचा आहे.

मराठी मुलखात गावाचे दोन भाग मानीत : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. हा भेद केवळ रंगाचा नव्हे. काळीतून धान्य यायचे आणि पांढरीत ते साठवले जायचे. वस्तीच्या जुन्या टेकाडाची पांढरी माती घराच्या छतावरही चढायची. एका अंगाला जालना रस्ता आणि दुसऱ्या अंगाला लोहमार्ग असलेली आजची मुकुंदवाडी पाहताना ही जोडी आठवावी लागते. चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत आली, १९७०च्या दशकात सिडकोने नव्या औरंगाबादची आखणी सुरू केली, १९८२ साली महानगरपालिका झाली आणि भोवतालची खेडी शहरात विरघळली. काळी आधी गेली. तिचे भूखंड पडले, तिला चौरस फुटाचा दर आला. पांढरी मागे राहिली, आणि काळीला मिळालेल्या दराने तिचेही मोजमाप सुरू झाले. त्या दराच्या हिशेबात घराला रकाना नव्हता.

हे घर होते तरी कसे? मराठवाड्याच्या पठारावर दगडाला तोटा नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून घडलेला हा काळा पाषाण. वेरूळची लेणी त्यातच कोरली गेली, देवगिरीचा कडा त्यातच तासला गेला आणि मलिक अंबरने १६१० साली खडकी वसवली तीही याच दगडावर. सामान्य शेतकऱ्याच्या वाट्याला मात्र घडीव चिरे क्वचितच आले. त्याने बिनघडीचे गोटे मातीत बसवून दोन-अडीच फुटांच्या भिंती रचल्या, वर लाकडी तुळया टाकल्या, त्यांवर फळ्या किंवा काटक्या, मग पाला आणि शेवटी पांढऱ्या मातीचा जाड थर. हेच माळवद. घर मोजायचे ते खणांनी. भिंतीच्या जाडीत देवळ्या आणि कोनाडे, तिच्याच पोटात धान्याची बळदे. वैशाखात बाहेर डोळे दिपत असताना आत गारवा असायचा. दर पावसाळ्याआधी छतावर नवी माती टाकावी लागे. त्यामुळे घर दरवर्षी थोडे नवे होई, आणि दरवर्षी थोडे जडही होई.

या जडपणाचा हिशेब ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे चुकता झाला. गणेशविसर्जनाची रात्र उलटत असताना किल्लारी परिसराला भूकंपाचा धक्का बसला. अधिकृत आकड्यानुसार सुमारे आठ हजार माणसे गेली, आणि त्यांतली बहुतेक आपल्याच घराखाली. त्या दिवशी मराठवाड्याने दगडी भिंतीकडे पाहण्याची नजर कायमची बदलली. जे घर गारवा देत होते त्याचीच भीती वाटू लागली, आणि ती भीती खोटी म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

तरीही आरोपी नेमका कोण, हे तपासायला हवे. त्या भिंती म्हणजे आतला आणि बाहेरचा असे दोन सुटे पापुद्रे होते. मध्ये कपच्या आणि माती भरलेली. दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारे आरपार लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. धक्का बसताच पापुद्रे एकमेकांपासून फुटले आणि वरची टनावारी माती खाली आली. दोष दगडाचा नव्हता, जोडणीचा होता. आरपार दगड बसवणे, छताची माती कमी करणे, भिंतींना चहूकडून पट्टा बांधणे हे उपाय भूकंपानंतर तज्ज्ञांनी सांगितले आणि काही ठिकाणी ते अमलातही आले. लोकांच्या मनात मात्र निकाल आधीच लागला होता : दगड म्हणजे मरण, सिमेंट म्हणजे जगणे. दगड रचण्याची विद्या हाताशी असलेल्या कारागिरांच्या पुढच्या पिढीला मग ती शिकण्याचे कारण उरले नाही.

आता पुन्हा स्कॉटलंडकडे. तिथे घराला दर आहे म्हणून हळहळण्याआधी तो दर कुठून आला हे पाहिले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथल्या जमीनदारांनी मेंढपाळीसाठी खोरीच्या खोरी रिकामी केली. कुळे किनाऱ्यावर हाकलली गेली, पुष्कळ जण समुद्रापार गेले. कुळांना जमिनीवर टिकण्याचा कायदेशीर आधार मिळाला तो १८८६ साली. तोवर कितीतरी वस्त्यांचे नुसते जोते उरले होते. आज जाहिरातीत जी 'निवांत एकांत' म्हणून विकली जाते ती शांतता पुष्कळदा या उठवलेल्या वस्त्यांची आहे. महत्त्वाच्या जुन्या इमारती तिथे कायद्याने नोंदलेल्या असतात आणि परवानगीवाचून पाडता येत नाहीत, हे खरे. पण त्या घरांना मोल आले ते त्यांतली माणसे गेल्यावर.

आपल्याकडे उलटे घडले. माणसे राहत असतानाच घर मोलाला मुकले. ते पाडले जाते तेव्हा तुळया आणि कोरीव चौकटी जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जातात आणि दगड ब्रासच्या भावाने. म्हणजे घराचे तुकडे विकले जातात, अखंड घराला मात्र गिऱ्हाईक नाही. प्रत्येक जुने घर राखावे असा आग्रह भाबडा ठरेल. ज्याला चार भावांत वाटणी करायची आहे त्याला वारशाचे प्रवचन ऐकवणे हा उद्धटपणा आहे. पण मोडण्याआधी मोजणे तरी शक्य आहे. किती खण, कोणती जोडणी, बळद कुठे, माती कोणत्या टेकाडाची, एवढी एका पानाची नोंद करता येते. काळीची नोंद सरकारदरबारी पिढ्यान्‌पिढ्या होत आली. पांढरीवर उभ्या असलेल्या भिंतींची मात्र कोणी केली नाही, आणि ज्याची नोंद नाही त्याला भाव मिळत नाही.