‘कळकणे’ आणि तत्सम क्रियापदे : मराठी स्वयंपाकघरातील जतनविद्येचा एक धागा

पदव्युत्तर वर्गात एकदा आमच्या घरातील जुन्या हिशेबवहीची काही पाने वाचावयास दिली होती. हिशेबाच्या मधूनमधून पाककृती टिपलेल्या, आणि त्यांतच एक ओळ : “चिंचेचे सार पितळीत ठेवू नये, कळकते.” वर्गातील बहुतेकांनी ‘कळकते’ हा लेखनदोष मानला. एकाने ‘कळते’ असा पाठ सुचविला, तर दुसऱ्याने ‘कलकलते’ असा. आजोळी कल्हईची भांडी वापरात असल्यामुळे मला तो शब्द ठाऊक होता. विद्यार्थ्यांचा दोष त्यात काहीच नव्हता. ज्या घरात पितळी पातेले नाही, त्या घरात हे क्रियापद कोणी कोणासाठी उच्चारावे? परंतु एक शब्द कळला नाही म्हणून एक सबंध सूचना अशुद्ध ठरावी, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाने गंभीरपणे घेण्याजोगी आहे. प्रस्तुत टिपण त्या निमित्ताने लिहिले आहे.

पाकविद्येच्या इतिहासाची आपल्याकडील मांडणी बहुधा ग्रंथांच्या आधारे होते. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर (राज्यकाल ११२६ ते ११३८) याच्या ‘मानसोल्लासा’तील अन्नभोगाचे प्रकरण, सतराव्या शतकातील रघुनाथ नवहस्ताचे ‘भोजनकुतूहल’ हे संस्कृत ग्रंथ, तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीच्या (१७९८ ते १८३२) काळातील मराठी ‘शरभेंद्र पाकशास्त्र’, आणि मुद्रणयुगात रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे १८७५ चे ‘सूपशास्त्र’ : ही परंपरा सर्वांच्या परिचयाची आहे. पुढे लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या ‘गृहिणी-मित्रा’ने आणि १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरे’ने ती घरोघर पोहोचविली. या सर्वांचा मुख्य विषय कृती हा आहे. भांडे कसे राखावे, धान्य कसे टिकवावे, शिळे केव्हा टाकावे हा भाग ग्रंथांत येतो तो ओघाने येतो. तो ज्ञानाचा भाग नव्हता असे नव्हे. त्याचे वसतिस्थान निराळे होते एवढेच.

ते वसतिस्थान कोणते, हे वहीतील वाक्याच्या घडणीवरून दिसते. पाककृतीचे मराठी वाक्य विध्यर्थी ‘-आवे’ने चालते : घालावे, परतावे, आटवावे. संस्कृत ‘-तव्य’ प्रत्ययापासून प्राकृताच्या द्वारे आलेले हे रूप कृतीची आज्ञा देते, कारण देत नाही. जतनाच्या सूचनेचे वाक्य मात्र दोन अंगांचे असते. पहिले अंग निषेधाचे, दुसरे परिणामाचे, आणि परिणाम नेहमी रीतिवर्तमानात. “लोणच्यात ओला चमचा घालू नये, बुरा येतो.” “पापडाचा डबा उघडा ठेवू नये, सादळतात.” “ओले धान्य कणगीत भरू नये, उबते.” निषेधाचा अर्धा भाग कोणीही कोणत्याही भाषेत सांगू शकेल. अनुभवाचा अर्क त्या शेवटच्या एका क्रियापदात साठवलेला आहे.

ही क्रियापदे एकत्र मांडली की त्यांची सूक्ष्मता ध्यानात येते. दूध नासते, शिजवलेली भाजी वा वरण विटते, पीठ आंबते, तूप आणि शेंगदाणे खवट होतात, पापड, चुरमुरे, गूळ सादळतात, भाकरी वातड होते, आणि धातूच्या भांड्यातील आंबट पदार्थ कळकतो. या शब्दांत अदलाबदल चालत नाही. ‘पापड विटला’ असे कोणी म्हणणार नाही, आणि ‘वरण सादळले’ हे तर विनोदी वाटेल. कारण प्रत्येक शब्द बिघाडाचे निराळे कारण सांगतो. सादळण्याचे कारण हवेतील दमटपणा. म्हणून पापड उन्हात ठेवला की पुन्हा कुरकुरीत होतो. खवटपणा म्हणजे स्निग्धांशाचा हवेशी संयोग होऊन झालेला पालट. त्यावर ऊन लागू पडत नाही, उलट तो वाढतो. ज्या गृहिणीला हे दोन शब्द योग्य ठिकाणी वापरता येत होते, तिला दोन निराळे उपाय ठाऊक होते, मग रसायनशास्त्राचा तिला गंध असो वा नसो.

‘कळकणे’ हे यातील सर्वांत बोलके उदाहरण. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. चिंच, ताक, आमसूल यांतील आम्लाने त्यातील तांब्याचे क्षार अन्नात उतरतात. चव तुरट-कडवट होते आणि असे अन्न पोटात गेल्यास मळमळ व ओकारी संभवते. संस्कृत ‘कलंक’ म्हणजे डाग, धातूचा गंज. त्याच्याशी ‘कळकणे’ या क्रियापदाचे नाते उघड दिसते. कळकणे टाळण्याचा उपाय म्हणजे भांड्याला आतून कथलाचा पातळ लेप देणे, अर्थात कल्हई. हा शब्द मात्र अरबीतून आला. कल्हईवाला अंगणात भाता लावी, भांडे तापले की त्यात नवसागर टाकी, पांढरा धूर उठे. त्याने पृष्ठभागावरील मळ सुटे आणि मग वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने झपाट्याने सर्वत्र फिरविले जाई. रोगाचे नाव संस्कृत वंशाचे आणि औषधाचे नाव अरबी, असा हा मोठा मौजेचा संसार एकाच पातेल्यात नांदत होता.

अर्थात कल्हई रुळण्यापूर्वीही प्रश्न होताच, आणि त्याचे उत्तर जुन्या वैद्यकात सापडते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात कोणता पदार्थ कोणत्या पात्रात द्यावा याचे विवेचन आहे. तूप लोखंडाच्या पात्रात आणि ताकाचे आंबट प्रकार दगडाच्या पात्रात, असा तेथील विधी आहे. कोकणात आंबट आमटीसाठी वापरली जाणारी ‘दगडी’ ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे वाचून नवल वाटणार नाही. त्या संहितेपासून कोकणातील चुलीपर्यंत सलग परंपरा आहे असा दावा करण्याचा मोह होतो, पण तो आवरला पाहिजे. आम्ल आणि धातू यांचा विरोध कोणत्याही काळी, कोणत्याही चुलीपाशी नव्याने लक्षात येऊ शकतो.

व्याकरणाचा आणखी एक विशेष येथे नोंदविला पाहिजे. यांतील काही क्रियापदांना प्रयोजक रूप आहे, काहींना नाही. ‘आंबणे’ हा दोष, तर ‘आंबवणे’ हे कौशल्य. डोशाचे पीठ मुद्दाम आंबवतात. ‘नासणे’ ही हानी, पण पनीरासाठी दूध लिंबू पिळून नासवतात. ‘सादळवणे’, ‘कळकवणे’ ही रूपे मात्र माझ्या ऐकण्यात नाहीत, आणि असण्याचे प्रयोजनही दिसत नाही. ते बिघाड कोणी हेतुपूर्वक घडवून आणीत नाही. ज्या बिघाडाला स्वयंपाकघराने वश केले त्यालाच भाषेने प्रयोजक प्रत्यय दिला, असे निदान या छोट्या गटापुरते म्हणता येईल. दुसरी गोष्ट कर्त्याची. “दूध नासले” या वाक्यात दोषी कोणीच नाही. पण तेच “दूध नासवलेस” असे झाले की स्वर सासूचा होतो. घरातील अधिकाराचा इतिहास लिहिणाऱ्याने हा ‘-व-’ कानाआड करू नये.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोलादी भांडी, प्रेशर कुकर आणि शीतकपाट यांनी या शब्दांची कारणेच पुसून टाकली. स्टीलचे पातेले कळकत नाही. म्हणून सूचनेचा पहिला भाग अनावश्यक झाला आणि दुसरा दुर्बोध. आज विटलेले, खवट, सादळलेले, आंबलेले या सर्वांसाठी ‘खराब झाले’ हा एकच प्रयोग तरुण पिढीच्या तोंडी ऐकू येतो. याचे दुःख करीत बसण्याचे कारण नाही; कल्हई उडालेल्या भांड्यातील आमटी खाण्यापेक्षा शब्द विसरणे केव्हाही बरे. शिवाय भाषेने नवी भरही घातली आहे. ‘तीन शिट्ट्या’ हे कालमापन चिपटे-मापट्याइतकेच अस्सल घरगुती आहे, आणि ‘कुकर लावणे’ याचा अर्थ परक्या माणसाला शब्दशः कधीच कळणार नाही.

अडचण आहे ती आपली, म्हणजे जुनी कागदपत्रे वाचणाऱ्यांची. वह्या, पत्रे, देवस्थानांचे खर्चाचे कागद यांत हे शब्द विखुरलेले आहेत, आणि वाचक ‘कळकते’च्या जागी ‘कळते’ वाचू लागला तर पुरावा हातात असून निसटतो. मोल्सवर्थच्या कोशाने (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) आणि पुढे दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’ने घरगुती व्यवहारातील शब्द पुष्कळ टिपले, परंतु कोशात शब्द एकटा असतो, त्याच्या मागचा निषेध तेथे क्वचितच सापडतो. तो अजून वृद्ध स्त्रियांच्या बोलण्यात सापडतो, मात्र प्रश्न कसा विचारावा याला महत्त्व आहे. “हे कसे करता?” असे विचारले की पाककृती मिळते, आणि ती आता छापील पुस्तकासारखीच येते. “तसे नाही केले तर काय होते?” असे विचारल्यावर एका वयस्कर बाईंनी मला केवळ दह्याविषयी चार उत्तरे दिली होती : पाणी सुटते, तार येते, कडसर लागते, आणि उन्हाळ्यात दुपारपर्यंत बाहेर राहिले तर आंबटढाण होते. चौथे उत्तर देताना त्यांनी तोंडही तसेच केले. ते मात्र टिपून घेता आले नाही.