जॉइनचं कूळ आणि शेवटी येणाऱ्याचा मान

चाकणच्या कार-कारखान्यांत एका स्टेशनला ‘मॅरेज’ म्हणतात. वरून रंगवलेली बॉडी येते, खालून इंजिन-ॲक्सल, आणि तिथे दोन्ही बोल्टांनी एक होतात. इंजिन आलं नाही, तर लाइन उभी. शेजारच्या हिंजवडीत जावा लिहिणाऱ्यांचा ‘जॉइन’ असाच वागतो. सोडलेला थ्रेड काम संपवेपर्यंत मूळ थ्रेड जागचा हलत नाही.

गंमत अशी की जॉइन जन्मला तेव्हा त्यात थांबणं नव्हतंच. १९६३ मध्ये मेल्विन कॉनवे यांनी अनेक प्रोसेसरांच्या यंत्रासाठी ‘फोर्क’ आणि ‘जॉइन’ ही जोडी मांडली. १९६६ मध्ये एमआयटीच्या जॅक डेनिस आणि अर्ल व्हॅन हॉर्न यांनी तिचा हिशेब चोख लिहिला. एक आकडा ठेवायचा. काम संपवणाऱ्या प्रत्येकाने त्यातून एक वजा करायचा. शून्य झालं नाही, तर गाशा गुंडाळायचा. ज्याच्या हातून शून्य होईल, त्याने पुढचं काम उचलायचं. ताटकळणारं कोणी नाही.

ताटकळणं आलं युनिक्सच्या घरातून, तेही आडवाटेनं. पीडीपी-७ वरच्या सुरुवातीच्या युनिक्समध्ये शेल आपल्या चाइल्ड प्रोसेसला एक निरोप धाडून अडून राही. चाइल्ड तो वाचतच नसे. काम संपवून ते नाहीसं झालं, की ‘अशी प्रोसेस नाही’ हा एरर शेलकडे येई. तोच एरर म्हणजे काम झाल्याची वर्दी! पुढे रीतसर ‘वेट’ आला. नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या मॅन्युअलमध्ये तो आहे. १९९५ च्या पॉझिक्स थ्रेड्सनी नाव कॉनवेंचं घेतलं, वळण मात्र वेटचं.

मूळ जॉइन तोवर पुण्यात पोचलाही होता. सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा केला, तो इन्मॉसच्या ट्रान्सप्यूटर चिपांवर. त्या चिपच्या ‘एंड प्रोसेस’ या सूचनेत तोच हिशेब भरलेला: एक वजा कर, शेवटचा असशील तर पुढे हो. जावाने २०१४ मध्ये, आठव्या आवृत्तीत, ‘काउंटेडकम्प्लीटर’ या नावानं त्याला पुन्हा घरात घेतलं.

थ्रेड मोजकेच असताना त्यातले बरेच जॉइनवर अडकून पडले, तर काम करायला उरणार कोण? उत्तर हातात घेतल्याशिवाय पाऊल टाकता येत नसेल, तिथे जॉइन जरूर लावा. ‘सगळे संपले का’ एवढंच विचारायचं असेल, तर आकडा ठेवा.