गोणपाट, टोपी आणि दाराबाहेरच्या चपला

दिवाळीत मुलांना नवे कपडे घ्यायचे ही रीत आपल्याकडे जुनीच. परंतु सातारा-सांगलीकडच्या खेड्यांतून ही रीत बऱ्याच घरांत अशी पाळली जाई की, दिवाळीचे म्हणून जे कपडे शिवायचे ते शाळेचेच शिवायचे. पांढरा सदरा, खाकी अर्धी विजार, मुलींना पांढरा पोलका आणि निळा परकर. शिंप्याला आधीच बजावलेले असे, ‘पोरगं वाढत्या अंगाचं हाय, दोन बोटं जास्त धरा.’ त्यामुळे पहिले वर्षभर सदरा गुडघ्याशी सलगी करी आणि तिसऱ्या वर्षी बेंबी झाकताना त्याची तारांबळ उडे. लक्ष्मीपूजनाला तोच, भाऊबीजेला तोच, आणि सुटी संपली की पुन्हा तोच. ‘गणवेश’ हा भारदस्त शब्द त्या वेळी शाळेच्या फळ्यावर असे. घरोघर ते नुसते ‘शाळेचे कपडे’ असत.

या कपड्यांविषयी आपण बोलतो ते शिस्तीच्या, फार तर समतेच्या अंगाने. मुले एकसारखी दिसावीत, गरीब-श्रीमंत ओळखू येऊ नये, वगैरे. ते खरेच आहे. पण आमच्या या दोन जिल्ह्यांचा शाळेचा इतिहास चाळताना मला सारखे जाणवते की, येथे शाळेच्या कपड्यांचा प्रश्न मुळात जिवाच्या सुरक्षिततेशी बांधलेला होता. (दोन जिल्हे म्हणतो तेही सवयीने. 1949 पर्यंत हा एकच सातारा जिल्हा होता. मग दक्षिण सातारा निराळा झाला आणि 1960 साली त्याचे नाव सांगली झाले.)

आरंभ करायचा तो खंडाळा तालुक्यातील नायगावच्या लेकीपासून. सावित्रीबाई फुले यांचा जन्म तेथे 3 जानेवारी 1831 रोजी झाला. 1848 साली पुण्यात मुलींची शाळा निघाली आणि सावित्रीबाई शिकवायला जाऊ लागल्या, तेव्हा रस्त्यात त्यांच्या अंगावर चिखल, शेण, खडे येत. हे आपण सारे लहानपणापासून वाचत आलो आहोत. त्यावर त्यांनी काढलेला उपाय मात्र वाचकांनी एकदा शिक्षकाच्या नजरेने पाहावा. जाता-येता एक जाडेभरडे लुगडे नेसायचे, शाळेत पोचल्यावर दुसरे स्वच्छ लुगडे नेसून वर्गात उभे राहायचे, आणि परतताना पुन्हा ते मळके. सोबतीला एक शिपाईही असे. आजच्या भाषेत बोलायचे तर संकटाच्या वेळी काय करायचे याची रीतसर आखणीच होती ती, आणि तिचे साहित्य काय, तर एक जादा लुगडे. वर्गातल्या चिमुरड्या पोरींना बाईंच्या अंगावरचा चिखल दिसू नये, बाई भ्यालेल्या दिसू नयेत, एवढ्यासाठी ते लुगडे होते. याच सावित्रीबाई 1897 च्या प्लेगात मुंढव्याच्या एका आजारी पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात गेल्या आणि त्याच रोगाने 10 मार्चला वारल्या. महाराष्ट्रात 2022 साली मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळाशाळांतून समित्या नेमायचे ठरले, त्यांना ‘सखी-सावित्री समिती’ असे नाव दिले आहे. नाव देणाराने नेमके दिले.

त्यानंतर तीन वर्षांनी, 7 नोव्हेंबर 1900 रोजी, साताऱ्याच्या राजवाड्यातल्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर नावाचा मुलगा इंग्रजी पहिलीत दाखल झाला. ती शाळा म्हणजे आजचे प्रतापसिंह हायस्कूल. या मुलाने पुढे मोठेपणी आपल्या लहानपणाच्या आठवणी इंग्रजीत लिहून ठेवल्या. त्या मी प्रथम वाचल्या तेव्हा वह्या तपासायच्या राहून गेल्या होत्या, आणि त्या दिवशी तशाच राहिल्या.

या मुलाला वर्गात बसायला घरून गोणपाट आणावे लागे. इतर मुलांपासून दूर, कोपऱ्यात ते अंथरायचे. शाळा सुटली की गुंडाळून घरी न्यायचे, कारण शाळा झाडणारा गडीही त्या गोणपाटाला शिवायचा नाही. तहान लागली तर मास्तरांची परवानगी हवी, पण नुसती परवानगी पुरेशी नव्हती. नळाला हात लावायचा नाही; शिपायाने तोटी सोडायची आणि मग प्यायचे. शिपाई जागेवर नसला तर पाणी नाही. शाळेच्या इमारतीत नळ आहे, नळाला पाणी आहे, मुलाला तहान आहे, आणि तोटी सोडणारे माणूस नाही! आणीबाणीच्या योजना कागदावर कितीही चोख असल्या तरी त्या कोठे अडतात, हे या एका तोटीने मला जितके शिकवले तितके कुठल्याही प्रशिक्षणवर्गाने शिकवले नाही. जाता जाता सांगतो, आज जिल्हा परिषदेच्या बहुतेक प्राथमिक शाळांना शिपाईच नसतो. कुलूप गुरुजींनीच काढायचे.

कपड्यांची गोष्ट याच आठवणींत पुढे येते. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला नोकरीस होते. दुष्काळी कामावर तेथे तलाव खणला जात होता. 1901 च्या उन्हाळी सुटीत मुलांनी तिकडे जायचे ठरले. केवढा हर्ष! आगगाडीत बसायचे म्हणून विलायती कापडाचे नवे सदरे शिवले, चकचकीत जडावाच्या टोप्या आणल्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे. वडिलांना पत्र घातले. मुले साताऱ्याहून आगगाडीने मसूर स्टेशनात उतरली, आणि न्यायला कोणीच नाही. पत्र पोचले होते, पण वडिलांच्या नोकराने ते त्यांना दिलेच नव्हते. संध्याकाळ झाली. उतारू पांगले. स्टेशनमास्तरांनी चौकशी केली. पोरांचे कपडे पाहून ती ब्राह्मणाघरची असावीत असे त्यांना वाटले होते. ‘आम्ही महार’ हे उत्तर ऐकताच त्यांचा चेहरा पालटला आणि ते आत निघून गेले.

येथे मी नेहमी थांबतो. नवा सदरा, नवी टोपी, नवे जोडे यांनी त्या पोरांना जेमतेम काही मिनिटे सांभाळले. तेवढा वेळ ती ‘कोणाची तरी मुले’ होती. स्टेशनमास्तर दुष्ट होता असेही म्हणवत नाही. पुढे त्यानेच मध्यस्थी करून गाडी मिळवून दिली. दुप्पट भाडे घ्यायचे, बैल मुलांनी हाकायचे आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, असा तो सौदा. शिदोरी होती, पण रात्रभराच्या वाटेवर पाणी मात्र कोणी दिले नाही. पुन्हा पाणीच.

त्याच साताऱ्यात पाव शतकानंतर जे घडले, ते कर्मवीर भाऊराव पाटलांच्या हातून. भाऊराव कुंभोजचे, 1887 सालचे. 1919 साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 साली ती साताऱ्यास आणली. सर्व जातींची मुले एका वसतिगृहात राहिली. एका चुलीवरचे, एका पंगतीत जेवली. 1927 साली गांधीजींच्या हस्ते या वसतिगृहाचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले. धान्य निवडणे, भाकरी थापणे, पाणी भरणे, स्वतःचे कपडे स्वतः धुणे, ही कामे मुलांनीच करायची. कपडे स्वतः धुण्याची ही बाब बारीक वाटेल. पण परीट कोणाचे कपडे घेतो आणि कोणाचे घेत नाही, हा प्रश्न ज्या काळात प्रत्येक गावात होता, त्या काळात एकाच दोरीवर सगळ्यांचे सदरे वाळत घालणे हे बंडच होते. आणि ही पोरे उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले. 1930 साली त्या गेल्या. सदऱ्यांचा रंग कोणता असावा याच्या चर्चा मी पुष्कळ ऐकल्या आहेत. त्या वेळी हे मंगळसूत्र आठवते.

गणवेशाविषयी मग सरकारनेही बरेच केले. अलीकडचेच सांगायचे तर, 2024-25 साली साऱ्या राज्यात एकच गणवेश असावा असे ठरले. शिवण्याचे काम महिला बचत गटांकडे गेले. हेतू चांगला. पण कपडे वेळेवर पोचेनात, पोचले ते मापात बसेनात, आणि पुढल्या वर्षापासून हा कारभार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आला. आमचा जुना शिंपी दोन बोटे जास्त धरीत असे ते काही उगीच नव्हे.

आता कपडे बाजूला ठेवून घंटेकडे वळतो. 11 डिसेंबर 1967, सोमवार. पहाटे चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास पाटण तालुक्यात कोयनानगरला भूकंप झाला. पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली, दोन हजारांहून अधिक जखमी झाली, कोयनानगरातली बहुतेक घरे राहण्याजोगी उरली नाहीत. 103 मीटर उंचीच्या धरणाला तडे गेले, पण धरण उभे राहिले. वडीलधारी मंडळी सांगत की, त्या थंडीत माणसे कितीतरी रात्री अंगणात निजली. परंतु शाळामास्तराच्या मनात वेगळाच हिशेब चालू होतो. सोमवार होता. आणखी सहा-सात तासांनी घंटा झाली असती, आणि दगड-मातीच्या भिंतींच्या, जड कौलारू छपरांच्या शाळांतून पोरे दाटीवाटीने बसली असती.

हा हिशेब कोरा कल्पनेचा नव्हे. 26 जानेवारी 2001 रोजी कच्छमध्ये अंजार गावी शाळेची मुले गणवेश घालून, झेंडे घेऊन प्रभातफेरीत चालली होती. पावणेनऊच्या सुमारास ती एका अरुंद गल्लीत होती, आणि दोन्ही बाजूंची घरे त्यांच्यावर आली. 185 मुले आणि 20 शिक्षक गेले. त्यानंतर तीन वर्षांनी, 16 जुलै 2004 रोजी, तामिळनाडूत कुंभकोणम येथे शाळेच्या गवती छपराला आग लागून 94 मुले जळाली. त्या आगीवरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली प्रत्येक शाळेत आग विझवण्याची साधने असलीच पाहिजेत, असा आदेश दिला. आज शाळेच्या भिंतीवर तो लाल नळकांडा दिसतो तो असा आला आहे; तो फुकट आलेला नाही.

सांगलीकडे संकट येते ते पाण्याच्या वाटेने. आयर्विन पूल 1929 सालचा. त्याच्यावरच्या आकड्यांवरून सारे शहर आपला श्वास मोजते. पंचेचाळीस फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा सत्तावन्न फुटांच्या वर गेली. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांना बाहेर काढणारी नावच 8 ऑगस्टला उलटली. त्यात बायका होत्या, लेकरे होती. त्या आठवड्यात लोक घराबाहेर पडले ते अंगावरच्या कपड्यानिशी. वळणीवर अर्धवट वाळलेला गणवेश तिथेच राहिला, दप्तर फळीवर राहिले. आणि माणसे उतरली ती बहुतेक ठिकाणी शाळांतूनच. ज्या वर्गात पाढे म्हणायचे त्याच वर्गात पोरे आईच्या कुशीत निजली.

अशा या साऱ्या अनुभवानंतर आता शाळांतून भूकंपाची, आगीची तालीम घेतात. आमच्याही शाळेत घेतली. पत्रकात लिहिले होते : धक्का जाणवताच मुलांनी बाकाखाली शिरावे. मी ते मोठ्याने वाचून दाखवले. तिसरीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “गुरुजी, बाक कुठं हाय?”

खरेच, बाक कोठे होते? आमची खालच्या वर्गांची मुले बसकर पट्ट्यांवर बसतात. गोणपाट घरून आणावे लागत नाही, सारी मुले एकाच पट्टीवर बसतात, ही सव्वाशे वर्षांची कमाई लहान नाही. पण पट्टीखाली काही शिरता येत नाही. तेव्हा आम्ही पत्रक घडी करून खिशात ठेवले आणि ठरवले की दप्तर डोक्यावर धरायचे, भिंतीपासून आणि खिडकीपासून दूर बसायचे, आणि हादरा थांबला की लगेच रांगेने मैदानात निघायचे.

घंटा झाली. मुले उठली, दारापर्यंत शहाण्यासारखी आली, आणि दारातच सगळी घोटाळली. कारण आपल्या शाळेत चपला वर्गाबाहेर काढायच्या असतात. शिस्तच आहे ती, मीच लावलेली. डोक्यावर दप्तर धरून पंचवीस मुले वाकून आपापली चपल शोधत होती. मागची पुढचीला ढकलीत होती. दुसरीतला एकजण तर दोन्ही चपला डाव्या पायाच्या निघाल्या म्हणून रडू लागला.

चपला सोडून पळा म्हणावे, तर पडलेली कौले, फुटलेल्या काचा आणि पोरांचे उघडे तळवे. वर्गात घालूनच बसा म्हणावे, तर पट्टीवर चिखल. शिक्षकांची बैठक झाली. शेवटी चपला दारापाशी न ठेवता मैदानात, लिंबाखाली, जेथे मुलांनी जमायचे तेथेच ओळीने ठेवायच्या असे ठरले. पावसाळ्यात त्या भिजतात. त्यावरून दोन पालक तक्रार घेऊन आले होते. त्यांना मी तालमीच्या दिवशी मुद्दाम बोलावले आणि दारात उभे केले. मुले मोजून निघायला किती वेळ लागतो तो त्यांनीच घड्याळावर पाहिला. चपला लिंबाखालीच आहेत. वर एक पत्रा टाकावा असे त्यांतल्या एकाने सुचवले, पण तो पत्राच पडला तर, म्हणून ते अजून राहिले आहे.