आडात नसेल ते पोहऱ्यात कोठून?

एका यंत्राच्या पोटात दुसरे यंत्र भासवावयाचे आणि त्या भासलेल्या यंत्रावर खऱ्या यंत्रासाठी लिहिलेला सारा कारभार जसाच्या तसा चालवावयाचा, ही कल्पना प्रथम ऐकणाऱ्याला मयसभेची आठवण झाल्यावाचून राहत नाही. मयसभेत दुर्योधनाने पाण्याला जमीन समजून पाऊल टाकले. कारागिराने भास उत्तम साधला होता. परंतु भिजावयाचे ते वस्त्र भिजलेच. आभासी संगणकाचा साठ वर्षांचा इतिहास आम्ही येथे मांडीत आहोत तो एवढ्याचसाठी की, त्यात भास साधण्याचे कौशल्य जितके दिसते, तितकेच त्या भासाखालचे पाणीही दिसते. आज बँकांची खाती, कचेऱ्यांची दप्तरे आणि रुग्णालयांतील नोंदी मोठ्या प्रमाणावर अशा आभासी यंत्रांवर ठेवल्या जातात. तेव्हा हा विषय केवळ यंत्रज्ञांचा राहिलेला नाही.

आरंभी दोन शब्दांची ओळख करून घेऊ. ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे कार्यप्रणाली, ही संगणकाची कारभारी होय. कोणत्या कामाला किती वेळ द्यावयाचा, स्मृतीतील कोणती जागा कोणाला द्यावयाची, डिस्कवर कोणी लिहावयाचे, हे सारे ती ठरवते. आपल्यावर या घरात कोणी नाही, अशीच तिची रचना असते. आभासी यंत्रात तिची ही समजूत कायम ठेवून सत्ता मात्र तिच्या हातून काढून घेतली जाते. ती ज्याच्या हाती जाते त्याला हायपरवायझर म्हणतात. आपण त्यास नियंत्रक म्हणू. यंत्राच्या काही आज्ञा केवळ सत्ताधीशासाठी राखीव असतात. सत्ता नसलेल्या कार्यप्रणालीने अशी आज्ञा दिली की यंत्र ती अडवते आणि नियंत्रकाला वर्दी देते; नियंत्रक त्या आज्ञेची बेताबेताने नक्कल करतो आणि काहीच घडले नाही अशा थाटात कारभार पुन्हा तिच्याकडे सोपवतो. संस्थानिकाने गादीवरून हुकूम सोडावा आणि रेसिडेंटने तो वाचून हवा तेवढा अमलात आणावा, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की, संस्थानिकाला रेसिडेंट ठाऊक असे. येथे तो ठाऊक नसावा अशी अपेक्षा आहे.

ही युक्ती जन्मली ती अडचणीतून. ७ एप्रिल १९६४ रोजी अमेरिकेतील आयबीएम कंपनीने आपली ‘सिस्टिम/३६०’ ही यंत्रमाला जाहीर केली. एकाच यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करावे, ही त्या काळातील विद्यापीठांची मोठी मागणी होती, आणि तिच्यासाठी लागणारी स्मृतीच्या पत्त्यांचे भाषांतर करण्याची सोय या यंत्रांत नव्हती. एमआयटी या प्रसिद्ध संस्थेने आपल्या मोठ्या योजनेसाठी त्याच वर्षी जनरल इलेक्ट्रिकचे यंत्र पसंत केले. तेव्हा मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे आयबीएमच्या एका लहानशा शास्त्रीय केंद्रात रॉबर्ट क्रीझी, लेस कोमो आणि त्यांचे सहकारी कामाला लागले. त्यांनी मॉडेल ४० या यंत्राला खास स्मृतीची जोड दिली आणि ‘सीपी-४०’ नावाचा नियंत्रक लिहिला. जानेवारी १९६७ मध्ये तो नित्य वापरात आला. प्रत्येकी २५६ किलोबाइट स्मृतीची १४ पर्यंत आभासी यंत्रे तो एका खऱ्या यंत्रावर उभी करी. आणि त्या खऱ्या यंत्राची स्मृतीही २५६ किलोबाइटच होती! प्रत्येकाला वाटे, अख्खे यंत्र आपलेच आहे. नव्या कार्यप्रणालीची चाचणी घेणाऱ्याच्या हातून चूक झाली तर त्याचे एकट्याचे आभासी यंत्र बंद पडे, शेजाऱ्यांचे काम चालू राही. यातूनच पुढे ‘सीपी-६७’ आणि १९७२ साली ‘व्हीएम/३७०’ ही प्रणाली पुढे आली.

परंतु याच ‘व्हीएम/३७०’च्या माहितीपुस्तकांत निर्बंधांची एक यादी असे. ज्या कार्यक्रमांचे काम अचूक वेळेवर अवलंबून आहे ते येथे बरोबर चालतीलच असे नाही. डिस्ककडे पाठवलेला आज्ञांचा क्रम काम चालू असतानाच जे बदलतात, तेही सामान्यतः चालणार नाहीत. दुसऱ्या निर्बंधाचे कारण उघड आहे. नियंत्रक तो क्रम वाचून, त्याची खऱ्या पत्त्यांनिशी नक्कल करून पुढे धाडतो. मूळ कागदावर मागाहून केलेली खाडाखोड नकलेत उतरत नाही.

१९७४ साली जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग या दोघा अभ्यासकांनी या साऱ्या अनुभवाला शास्त्राचे रूप दिले. नियंत्रकाकडून त्यांनी तीन गोष्टींची अपेक्षा केली. आभासी यंत्रावरील कार्यक्रमाचे वर्तन खऱ्या यंत्रावरील वर्तनासारखेच असावे. बहुतेक आज्ञा नियंत्रकाच्या मध्यस्थीवाचून थेट यंत्रावर चालाव्यात. आणि साधनसंपत्तीवर पूर्ण ताबा नियंत्रकाचा असावा. मग त्यांनी सिद्धान्त मांडला. यंत्राची सत्ता पाहणारी किंवा बदलणारी प्रत्येक नाजूक आज्ञा जर राखीव असेल, तर त्या यंत्रावर असा नियंत्रक रचता येतो. एखादी जरी नाजूक आज्ञा राखीव नसली, तरी भासाला भोक पडण्याचा धोका राहतो. त्या काळचे नामांकित पीडीपी-१० हे यंत्र एवढ्याच एका उणिवेने या कसोटीस उतरले नाही, असे त्यांनीच दाखवले.

त्या निबंधातील एक गोष्ट मात्र वाचकांच्या नजरेतून सहज सुटते, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची तीच आहे. ‘वर्तन सारखेच असावे’ असे म्हणताना लेखकांनी दोन अपवाद स्वच्छ नोंदवले होते. एक, वेळ; आणि दुसरा, साधनांचे प्रमाण. मधे नियंत्रक आहे, म्हणजे काही कामे उशिरा होणार. आणि एकाचे अनेकांत वाटप आहे, म्हणजे कधी ना कधी तुटवडा पडणार. पुढील पन्नास वर्षांचा इतिहास हा बव्हंशी या दोन अपवादांनी केलेल्या वसुलीचा इतिहास आहे.

त्यापूर्वी यंत्रातील दोषाची कथा सांगून टाकू. घरोघरी आणि कचेरीकचेरीत पोचलेल्या इंटेलच्या प्रोसेसरची रचना पोपेक-गोल्डबर्ग यांच्या कसोटीस उतरणारी नव्हती. इ. स. २००० मध्ये जॉन रॉबिन आणि सिंथिया अर्व्हाइन यांनी पेंटियमच्या सुमारे २५० आज्ञा तपासल्या. त्यांपैकी १७ आज्ञा नाजूक असूनही राखीव नव्हत्या. ‘पॉपएफ’ ही त्यांतली एक. सत्ताधीशाने ती वापरली तर बाहेरून येणाऱ्या सूचनांचे दार उघडते वा मिटते. सत्ता नसलेल्याने वापरली तर दार जागचे हलत नाही, आणि तक्रारही उठत नाही! कार्यप्रणालीला वाटते दार लावले, नियंत्रकाला तर काही कळतच नाही. अर्ज फेटाळणारा कारकून परवडला. अर्ज न वाचताच टोपलीत टाकणारा परवडत नाही.

यातून दोन वाटा निघाल्या. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधनातून १९९८ साली व्हीएमवेअर ही कंपनी उभी राहिली. तिने १९९९ मध्ये आणलेल्या वर्कस्टेशन या उत्पादनात पाहुण्या कार्यप्रणालीच्या आज्ञा आधीच वाचून घातक आज्ञांच्या जागी निर्धोक आज्ञा घालणारा एक दुभाष्याच बसवला होता. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाच्या ‘झेन’ने २००३ साली उलट मार्ग धरला. भास पूर्ण ठेवण्याचा हट्ट सोडून त्यांनी कार्यप्रणालीतच फेरफार केले: ‘तू पाहुणी आहेस, तेव्हा मागावयाचे ते नियंत्रकाकडे सरळ माग.’ अखेर २००५ साली इंटेलने आणि २००६ साली एएमडीने प्रोसेसरमध्येच ही सोय केली. गंमत अशी की, २००६ साली व्हीएमवेअरच्याच दोन तज्ज्ञांनी तुलना करून पाहिली, तेव्हा पहिल्या पिढीतील ही नवी सोय जुन्या दुभाष्यापेक्षा बरेचदा मंद ठरली. पुढच्या पिढ्यांत ती सुधारली. आज्ञांचा प्रश्न अशा रीतीने सुटला. अपवादांचा मात्र तसाच राहिला.

प्रथम प्रमाणाचे पाहू. स्मृती कमी पडली की कार्यप्रणाली काही पाने डिस्कवर नेऊन ठेवते. आभासी यंत्रात ती ज्या पानाची निवड करते, ते पान नियंत्रकाने आधीच डिस्कवर नेलेले असू शकते. मग नियंत्रक ते डिस्कवरून स्मृतीत आणतो; कशासाठी? तर पाहुणीला ते पुन्हा डिस्कवर लिहिता यावे म्हणून! दोन कारभाऱ्यांनी एकमेकांस न विचारता एकच कोठार आवरले म्हणजे असेच होते. यावर २००२ साली कार्ल वाल्डस्पर्गर यांनी वर्णिलेली तोड अशी: पाहुणीच्या घरात एक ‘फुगा’ ठेवावयाचा. नियंत्रकाला स्मृती हवी झाली की तो फुगा फुगतो आणि काय सोडावयाचे ते पाहुणीच ठरवते. तोड उत्तम, पण त्यासाठी घरात आपला माणूस ठेवावा लागला. निखळ भास गेला.

वेळेचे दुखणे याहून खोल आहे. जुन्या कार्यप्रणाली घड्याळाचे टोले मोजून वेळ ठरवीत. लिनक्सच्या २.६ या आवृत्तीने सेकंदाला १००० टोले घेण्याची चाल सुरू केली. एका यंत्रात हे शोभते. पण १०० आभासी यंत्रे केवळ स्वस्थ बसली असली, तरी त्यांना सेकंदाला एक लाख टोले द्यावे लागतात. शिवाय पाहुणी स्वतः चालू नसते तेव्हाचे टोले तिला ऐकू येत नाहीत. मग तिचे घड्याळ मागे पडते, किंवा थकलेले टोले एकदम देऊन ते पुढे पळवावे लागते. शेवटी लिनक्सच्या वेळेच्या हिशेबात एक निराळा रकाना आला. त्याचे नाव ‘स्टील’, म्हणजे चोरीस गेलेला वेळ. ज्या कारभाऱ्याला आपल्यावर कोणी नाही असे वाटावयाचे, त्याच्याच वहीत चोरीचा रकाना!

आणि ज्याला केवळ गैरसोय समजत होते, त्या वेळेतूनच पुढे गुपिते बाहेर पडली. प्रोसेसर पुढच्या आज्ञा अंदाजाने आधीच करून पाहतो. अंदाज चुकला तर उत्तर पुसतो. परंतु वाटेत वाचलेली माहिती जवळच्या शीघ्रस्मृतीत राहून जाते, आणि तेथील वस्तू चटकन हाती येते. किती वेळ लागला हे मोजून, जी पाहावयाची नव्हती ती माहिती ताडता येते. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन हे दोष जाहीर झाले. ऑगस्ट २०१८ मध्ये उघड झालेल्या फोरशॅडोच्या एका प्रकारात तर एका आभासी यंत्रातून नियंत्रकाची किंवा शेजारच्या आभासी यंत्राची माहिती वाचता येणे शक्य होते. उपाय निघाले; त्यांची किंमत पुन्हा वेगातच मोजावी लागली. वेळेला अपवाद म्हणून १९७४ साली सोडले होते. चव्वेचाळीस वर्षांनी ती भिंतीतली फट ठरली.

यावरून आभासी यंत्रे टाकाऊ आहेत असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चूक होईल. एका खऱ्या यंत्रात अनेकांची सोय लागली, खर्च वाचला, एकाची चूक दुसऱ्याला बाधेनाशी झाली. हा लाभ सीपी-४० च्या दिवसांपासूनचा आहे आणि तो खरा आहे. आमचे म्हणणे एवढेच की, आभासी यंत्राला स्वतःचे असे काही नसते. त्याची स्मृती, त्याचा वेळ आणि त्याची गुप्तता ही तिन्ही खालच्या खऱ्या यंत्राकडून उसनी आलेली असतात. नियंत्रकाचा पूर्ण ताबा ही तर त्या व्यवस्थेची अटच आहे. त्यामुळे नियंत्रक आणि त्याचा धनी कसा आहे, याची खात्री पाहुणीला आतून पटवून घेणे फार कठीण असते. अलीकडे पाहुणीची स्मृती नियंत्रकालाही वाचता येऊ नये म्हणून ती कुलूपबंद ठेवणारे प्रोसेसर निघाले आहेत. पण त्या कुलपाची किल्लीही खऱ्या यंत्रातच घडते. विश्वास नाहीसा होत नाही, नियंत्रकाच्या धन्याकडून यंत्राच्या घडणाऱ्याकडे सरकतो.

म्हणून आपली दप्तरे आभासी यंत्रावर आहेत असे कोणी सांगितले, तर ते यंत्र किती मोठे, एवढ्यावर आपण थांबू नये. खालचे खरे यंत्र कोणाचे, ते कोठे आहे, त्यात आणखी कोण राहतो, आणि त्यावर सत्ता कोणाची, हे प्रश्न नागरिकाने विचारलेच पाहिजेत. आडात नसेल ते पोहऱ्यात येत नाही, आणि आडात जे असेल ते पोहऱ्यात आल्यावाचूनही राहत नाही.