वादळरोधक खिडकी

वादळरोधक खिडकी म्हणजे चक्रीवादळातील वाऱ्याचा दाब आणि वाऱ्यासोबत उडून येणाऱ्या वस्तूंचा आघात सोसूनही जागेवर टिकून राहणारी खिडकी. तिची काच फुटतच नाही, हा समज चुकीचा आहे. काचेच्या दोन तावांमध्ये पॉलिव्हिनाइल ब्युटिरल या प्लॅस्टिकचा चिवट थर असतो. काच तडकली तरी तिचे तुकडे या थराला चिकटून राहतात व खिडकीला भगदाड पडत नाही. मोटारीच्या समोरच्या काचेची रचना अशीच असते.

भगदाड न पडणे हेच महत्त्वाचे. वाऱ्याच्या बाजूची खिडकी फुटल्यास आत शिरलेला वारा छप्पर वर ढकलतो. त्याच वेळी वरून वाहणारा वारा ते बाहेरून ओढत असतो. दोन्ही बले एकत्र आल्याने छप्पर उडू शकते.

== चाचणी ==
२४ ऑगस्ट १९९२ रोजी अँड्र्यू चक्रीवादळाने अमेरिकेतील दक्षिण फ्लॉरिडात हजारो घरे उद्ध्वस्त केली. त्यानंतर मायामी परिसरातील बांधकाम नियम कठोर झाले. तेथील चाचणीत सुमारे ४ किलो वजनाचा लाकडी वासा ताशी सुमारे ५५ किमी वेगाने खिडकीवर आदळवतात. नंतर त्याच खिडकीवर कमीअधिक दाबाची ९,००० आवर्तने दिली जातात.

== निवड ==
अशा खिडक्या महाग असतात. धातूची झडप किंवा प्लायवूडचे फळे स्वस्त पडतात. मात्र वादळापूर्वी ते लावण्यास घरात कोणीतरी सक्षम माणूस हवे. वृद्धांसाठी किंवा बंद घरासाठी ही अडचण लहान नाही. काचेवर चिकटपट्टीची फुली मारण्याची जुनी पद्धत निरुपयोगी आहे.

एकदोन खिडक्याच बदलून फारसे साधत नाही. चौकट भिंतीत पक्की बसलेली नसेल, किंवा गॅरेजचे दार कच्चे असेल, तर वारा तेथून शिरतो. फ्लॉरिडात विम्याची सवलत ठरवतानाही घरातील सर्वांत कमी संरक्षित दार-खिडकी विचारात घेतात.

कोकणातील कौलारू व पत्र्याच्या घरांचा प्रश्न वेगळा आहे. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळात असंख्य घरांची कौले व पत्रे उडाले. अशा घरात महागड्या काचेआधी वासे भिंतीशी आणि पत्रे वाशांशी घट्ट जखडण्यावर खर्च करणे अधिक उपयुक्त ठरते. समुद्राकडे तोंड असलेल्या, स्लॅबच्या व मोठ्या काचांच्या इमारतींत मात्र खिडकीचा विचार आधी करावा लागतो.