आज रोख, उद्या उधार

महिन्याचा पहिला रविवार. डीमार्टच्या रांगेत पुढच्या ट्रॉलीत कणकेची पिशवी, तेलाच्या पिशव्या, तूरडाळ आणि वर उपडी ठेवलेली एक प्लास्टिकची बादली. बिल हातात येताच त्या बाई आधी खालची ओळ वाचतात : छापील किमतीपेक्षा किती वाचले. आपल्याकडे पाकिटावर कमाल किंमत छापावीच लागते, म्हणून स्वस्ताई अशी आकड्यात दिसते. त्या आकड्याचं मूळ शोधत गेलं की आपण मुंबईतल्या नायगावला पोचतो.

मुंबईत 1943 साली रेशनिंग आलं. युद्ध संपलं, टंचाई मात्र राहिली. 1948 साली गिरणगावातल्या नायगावात कामगारांनी आपापला भाग घालून ग्राहक सहकारी संस्था उभी केली. 'मुंबई कामगार मध्यवर्ती ग्राहक सहकारी संस्था' हे तिचं कागदावरचं नाव. लोकांच्या तोंडी बसला तो 'अपना बाजार'. वजन चोख, भाव वाजवी, आणि गिऱ्हाईक हाच दुकानाचा मालक. मला ही कल्पना आजही फार मोठी वाटते.

पन्नास वर्षांनी, 1999च्या सुमारास, याच अपना बाजारची नेरुळमधली फ्रँचायझी राधाकिशन दमाणी यांनी चालवायला घेतली. शेअर बाजारात मुरलेला हा माणूस तिथे किराणा शिकला. मग 2002 साली पवईत त्यांनी स्वतःचं दुकान उघडलं. ते पहिलं डीमार्ट.

खरी गंमत पुढे आहे. वाण्याच्या गल्ल्यामागे 'आज रोख, उद्या उधार' अशी पाटी असते, ती गिऱ्हाइकासाठी. दमाणींनी तोच नियम माल देणाऱ्यांच्या बाबतीत स्वतःला लावून घेतला. मोठी दुकानं कंपन्यांचे पैसे महिना-महिना अडकवत, तिथे डीमार्ट काही दिवसांत चुकते करू लागलं. ज्याचे पैसे अडकत नाहीत तो भावात सूट देतो, आणि मालही आधी त्याच्याकडे पाठवतो. 2004 साली डीमार्टमध्ये आलेले नेव्हिल नोरोन्हा हिंदुस्तान लीव्हरमधले, म्हणजे पैशांची वाट पाहणाऱ्या बाजूचे. पुढे कारभार त्यांच्याच हाती आला.

दुसरा निर्णय जागेचा. शक्यतो गाळा भाड्याने घ्यायचाच नाही, जमीन किंवा इमारत विकत घ्यायची. भांडवल अडकतं, वाढ सावकाश होते. पण दर काही वर्षांनी वाढणारं भाडं डाळीच्या भावात चढत नाही. चकचकीत मॉलमधली जागा टाळून वस्तीजवळची जागा धरली, सजावटीवर खर्च केला नाही. महाराष्ट्र आणि गुजरातेत एकमेकांच्या जवळ दुकानं काढली, म्हणजे एकाच गोदामातून ट्रक सगळीकडे फिरतो.

त्यामुळे पहिल्या पंधरा वर्षांत दुकानं झाली फक्त 131. मार्च 2017 मध्ये डीमार्ट चालवणाऱ्या अॅव्हेन्यू सुपरमार्ट्स या कंपनीचा शेअर 299 रुपयांना विकला गेला आणि बाजारात पहिल्याच दिवशी 604 वर उघडला. मार्च 2025 अखेर दुकानांची संख्या 415 होती.

मला हुरहूर लागते ती एकाच गोष्टीची. नायगावच्या सभासदाला सर्वसाधारण सभेत उठून भावाचा हिशेब विचारता येत होता. रांगेतल्या त्या बाई बिलाची घडी करून पर्समध्ये ठेवतात आणि बादलीत तेलाच्या पिशव्या रचून रिक्षा शोधायला निघतात.